कोंबडीची पारख कोणी ठरवली?

कोंबडी हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभणारा नाही, असे काही श्रोत्यांना वाटेल. कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. कोंबडीच्या तुऱ्यावर आणि पायांवर बोलण्याचे त्याला काय कारण? कारण आहे. एखाद्या जिवाची किंमत कोणत्या मापाने करायची आणि ते माप कोणी ठरवायचे, हा प्रश्न कारखान्याच्या दरवाज्याशी आम्ही रोज पाहतो. तोच प्रश्न शुद्ध जातीच्या कोंबड्यांच्या इतिहासात उघडावाघडा दिसतो. कर्जत-खालापूरच्या माणसाला तर तो घराजवळचा आहे. त्यांतली पहिली गोष्ट आमच्या रानातच सुरू होते.

खांडसवरून भीमाशंकरकडे चढणाऱ्या वाटेने पहाटे गेलात, तर झाडीतून एक तुटक, घोगरी बांग ऐकू येते. ती रानकोंबड्याची. मानेवर करड्या-काळ्या पिसांत पांढरे-पिवळे ठिपके असलेला हा करडा रानकोंबडा दक्षिणेत आणि सह्याद्रीत राहतो. सोनेरा नावाच्या फ्रेंच निसर्गप्रवाशावरून शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ठेवले. त्याचा भाऊ लाल रानकोंबडा. तो हिमालयाच्या पायथ्याला, मध्य व पूर्व भारतात आणि पुढे ब्रह्मदेश-सयामपर्यंत आढळतो; आमच्या बाजूला तो नाही. पाळीव कोंबडी या दोघांपैकी कोणाची, हा वाद जुना आहे. चार्ल्स डार्विनने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथात त्याचा निकाल दिला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ याच्याशी त्याने वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला होता. डार्विनचा निकाल असा की, जगातल्या सगळ्या कोंबड्या लाल रानकोंबड्याच्या वंशातल्या. करड्याचा संबंध नाही. हा निकाल जवळजवळ १४० वर्षे टिकला.

मग २००८ साली स्वीडनमधील उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला. पुष्कळ पाळीव कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी का असते? खाद्यातले, हिरव्या पाल्यातले आणि मक्यातले पिवळे द्रव्य पांढऱ्या कातडीच्या कोंबड्यांच्या कातडीत मोडले जाते. ज्यांच्यात ते मोडण्याचे काम मंदावलेले असते, त्यांची कातडी पिवळी होते. हा गुण मूळ लाल रानकोंबड्याचा नाही. तो करड्याकडून आला आहे, असे त्यांना आढळले. म्हणजे डार्विन बव्हंशी बरोबर होता, पण पायांपुरता चुकला. इटलीची म्हणून मिरवणारी लेगहॉर्न, अमेरिकेची म्हणून मिरवणारी ऱ्होड आयलंड रेड, अमेरिकेचीच प्लिमथ रॉक, या सगळ्यांच्या पायांचा पिवळेपणा भीमाशंकरच्या रानात ओरडणाऱ्या या पाखराच्या कुळातून गेलेला आहे. केव्हा आणि कोणत्या गावात हा संकर झाला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. कोणा माणसाच्या परसात तो झाला असणार एवढे खरे.

आता हा पिवळा पाय ध्यानात ठेवावा. पुढे त्याचेच काम आहे.

कोंबडीची पारख पूर्वीपासून होती. पण ती झुंजीसाठी. असील कोंबड्याचे नावच अरबी भाषेतून आले आणि आपला ‘अस्सल’ हा शब्द त्याच घरातला. असीलचा तुरा वाटाण्यासारखा बसका, कारण उंच तुरा प्रतिस्पर्ध्याच्या चोचीत सापडतो. पिसे आखूड आणि अंगाला घट्ट चिकटलेली, मान लांब, उभे राहणे ताठ, पाय दणकट. यातले प्रत्येक लक्षण झुंजीत जिंकण्यासाठी उपयोगी आहे. पीला, याकूब, नुरी, कागर अशी त्याच्या प्रकारांची नावे हैदराबाद, आंध्र आणि छत्तीसगडच्या बाजूला शौकिनांच्या तोंडी अजून आहेत. झुंज हा क्रूर खेळ. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या परीक्षेत लबाडीला जागा कमी होती, हेही कबूल केले पाहिजे. कोंबडा चांगला की वाईट, हे पंच नव्हे, रिंगण सांगत असे.

इंग्लंडात १८३५ साली कायद्याने झुंजी बंद झाल्या. रिंगण गेले, शौकीन राहिले. त्यांनी पिंजरे केले, पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि पंच नेमले. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच सुमारास चीनमधून मोठाड, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या विलायतेत पोहोचल्या आणि लोकांना त्यांचे वेडच लागले. १८५२ साली बर्नहॅम नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने व्हिक्टोरिया राणीला नऊ कोंबड्या नजर केल्या. राणीने त्या स्वीकारल्याची बातमी छापून येताच त्याच्या मालाला भलताच भाव आला. या जातीला नाव पडले ब्रह्मा, ब्रह्मपुत्रेवरून. पाखरांचे मूळ मात्र चीनकडचे आणि चितगावकडचे. नावात काय आहे असे म्हणतात; कोंबडीच्या बाजारात नावातच सगळे असते.

वेडाचा बाजार झाला की तक्रारी येतात आणि तक्रारी आल्या की नियम येतात. १८६५ साली इंग्लंडात आणि १८७४ साली अमेरिकेत शुद्ध जातींची मानके पुस्तकरूपाने छापली गेली. प्रत्येक जातीचा आदर्श नमुना शब्दांत लिहिला आणि १०० गुण अवयवांवर वाटून टाकले. तुऱ्याला इतके, पिसांच्या रंगाला इतके, आकाराला इतके. उदाहरणार्थ, अमेरिकन मानकात एकपाती तुऱ्याच्या लेगहॉर्नला पाच टोके हवीत. नराचा तुरा ताठ, मादीचा पहिल्या टोकानंतर एका अंगाला कललेला. कानाची पाळी पांढरी, पाय पिवळे. कमी दोषांना गुण कापायचे. मोठ्या दोषाला पाखरू स्पर्धेतूनच बाद. लेगहॉर्नच्या पायावर पिसाचा लहानसा खुंट सापडला की संपले! आजही प्रदर्शनाचा पंच पाखरू हातात घेतो, छातीचे हाड सरळ आहे का हे बोटाने चाचपतो, पंख पसरून लपवलेले परके पीस शोधतो, पायाचे खवले पाहतो. हे कौशल्य आहे. त्याला आम्ही हसत नाही. वाकडे छातीचे हाड, अशक्त पाय, चुकीचा तुरा हे दोष पिढीत उतरतात आणि ते काढून टाकले म्हणून जाती टिकल्या. १९०२ साली बेटसनने मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरच. शौकिनांनी तुरे इतक्या काटेकोरपणे वेगळे ठेवले नसते, तर त्याला हा प्रयोग करता आला नसता.

पण या शंभर गुणांत अंड्याला गुण किती? एकही नाही. पंचासमोर पिंजऱ्यात उभी असलेली कोंबडी वर्षाला किती अंडी देते, हे त्याला दिसतच नव्हते.

इथे आपला पिवळा पाय पुन्हा येतो. पिवळ्या कातडीची कोंबडी अंडी देऊ लागली की खाद्यातले पिवळे द्रव्य अंड्याच्या बलकात जाऊ लागते आणि अंगावरचा साठा उतरत जातो. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी अंडे बाहेर पडते त्या जागेची कड फिकी होते, मग डोळ्याभोवतीचे कडे, मग पांढऱ्या कानाची पाळी, मग चोच बुडाकडून टोकाकडे, आणि शेवटी पाय. पाय पूर्ण फिके पडायला चारपाच महिने सतत अंडी द्यावी लागतात. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परत चढतो. म्हणजे कोंबडीच्या पायावर तिच्या कामाचे मस्टर लिहिलेले असते, वाचणारा पाहिजे. ज्याला वाचता येते तो आणखी दोन गोष्टी पाहतो. जांघेची दोन टोकदार हाडे एकमेकांपासून दोनतीन बोटे लांब आहेत का, आणि ती व छातीचे हाड यांमधले पोट मऊ व ऐसपैस आहे का. त्याशिवाय पिसे गाळायला ती उशिरा लागते आणि ते काम झटपट उरकते का. ही सर्व मेहनतीची लक्षणे.

आणि प्रदर्शनात गुण कोणाला मिळत? ज्या कोंबडीचे पाय झगझगीत पिवळे तिला! वर्षभर राबून पाय पांढरे पडलेली कोंबडी मानकाच्या दृष्टीने रंगात उणी. काम केल्याचा पुरावा म्हणजेच दोष. आम्हांला हे वाचताना खोपोलीच्या भट्टीसमोर हात भाजलेले मजूर आठवले. नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणीत असे हात घेऊन गेलेला माणूस नापास होतो. पाश्चात्त्य देशांतही ही विसंगती लोकांना दिसली. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी प्रदर्शनाचे शौकीन आणि अंड्यांचे उत्पादक अशी दोन दळे पडली आणि अंड्यांच्या निराळ्या स्पर्धा सुरू झाल्या.

अंडे मोजायचे तर ते कोणाचे, हे कळले पाहिजे. त्यासाठी सापळ्याचे घरटे निघाले. कोंबडी आत शिरली की दार पडते, माणूस येऊन पायातला क्रमांक पाहतो आणि वहीत लिहितो. अमेरिकेतल्या मेन संस्थानाच्या प्रयोगकेंद्रात १८९८ पासून अशी वही ठेवून फक्त जास्त अंड्यांच्या कोंबड्यांपासून पैदास केली. सुमारे नऊ वर्षे हा क्रम चालला, तरी कळपाची सरासरी वाढली नाही. रेमंड पर्ल याने वह्या तपासून कारण सांगितले. एकट्या कोंबडीचे अंडे मोजून भागत नाही. तिच्या मुली किती अंडी देतात हे पाहावे लागते, आणि नराची परीक्षाही त्याच्या मुलींवरूनच होते. रूपावरून नाही, स्वतःच्या कामावरूनही पुरते नाही, संततीवरून पारख. पैदाशीच्या शास्त्रातला हा मोठा टप्पा आहे आणि तो हिशेबाच्या वहीतून आला, याचा आम्हांला विशेष आनंद वाटतो.

आपल्या देशात या शुद्ध जाती मिशनऱ्यांनी, छावण्यांतल्या साहेबांनी आणि नंतर सरकारने आणल्या. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकीला सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे. मुंबईत आरे वसाहतीत केंद्र सरकारचे पैदास केंद्र झाले. विचार सरळ होता. गावातला देशी नर काढा, जागी लेगहॉर्नचा किंवा ऱ्होड आयलंडचा नर द्या, म्हणजे अंडी वाढतील. अंडी वाढलीही. पण लेगहॉर्न रवणीला बसत नाही. शंभर वर्षांच्या निवडीने तिचे खुडूक होणे काढून टाकलेले, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. उबवणी यंत्राच्या मालकाला हा गुण. ठाकूरवाडीवरच्या बाईला हा दोष. तिच्याकडे यंत्र नाही, वीज असून नसल्यासारखी. तिची कोंबडी स्वतः दहाबारा अंड्यांवर बसली पाहिजे, पिल्ले काढली पाहिजेत, घारीची सावली पडताच त्यांना पंखाखाली घेतली पाहिजेत आणि मुंगुसाची चाहूल लागताच झाडावर उडाली पाहिजे.

ही बाईची कसोटी कुठल्या पुस्तकात नाही, पण ती काटेकोर आहे. कशेळ्याच्या अंगाला, चौकच्या डोंगराखाली, कातकरीवाड्यांवर आणि ठाकूरवाड्यांवर विचारून पाहावे. कोणती तलंग ठेवायची आणि कोणती बाजारात न्यायची हे बाई कोंबडी डालग्याखाली झाकता झाकता ठरवते. आई कशी होती, मागच्या रवणीतली किती पिल्ले हाताला लागली, मानमोडीच्या साथीत कोणाच्या घरची कोंबडी वाचली, हे सगळे तिच्या स्मरणात असते. पर्लने वहीत शोधले ते हेच, संततीवरून पारख. काळी, लाल, उलट्या पिसांची अशी रंगरूपाची मागणीही असते, देवदेवस्कीसाठी. तिच्यावर आमचा विश्वास नाही. परंतु त्या मागणीपायी निरनिराळ्या रंगांच्या आणि पिसांच्या कोंबड्या वाड्यांवर टिकून राहिल्या, एवढे तिच्या पदरी घातले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पारखेचे केंद्र पुन्हा हलले. अमेरिकेत १९४६ ते १९५१ या काळात ‘उद्याची कोंबडी’ अशी स्पर्धा झाली. तिच्यामागे किराणा दुकानांची एक मोठी साखळी होती. आदर्श पाखराचा मेणाचा नमुना तयार करून त्याच्याशी सोललेल्या कोंबड्या ताडून पाहत. ना तुरा, ना पीस, ना अंडे. छातीचे मांस किती, वाढ किती दिवसांत, खाद्य किती लागले. १९४८ साली वँट्रेस याने कॉर्निश जातीच्या संकराने ही स्पर्धा जिंकली. हे कॉर्निश कोण? इंग्लंडातल्या कॉर्नवॉल परगण्यात आपल्या असीलपासून केलेली जात. तिचे जुने इंग्रजी नावच भारतीय झुंजारू असे होते. झुंजीसाठी वाढवलेली छाती आता ताटासाठी उपयोगी पडली. वँट्रेसचे नाव आजही कॉब-वँट्रेस या कंपनीच्या नावात आहे. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेल्या आणि पुढे पुण्याहून चाललेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने कॉबचे वाण भारतभर पोहोचवले. असीलचे रक्त असे दोन समुद्र ओलांडून कर्जत-खालापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये परत आले, पण आता त्याच्यावर कुलूप होते.

कुलूप असे. ब्रॉयलर हे चार निराळ्या वंशांचे शेवटचे संकर-पाखरू असते. त्यापासून पुढची पैदास केली तर तो गुण टिकत नाही. शुद्ध वंश कंपनीच्या कोंडवाड्यात; शेतकऱ्याच्या हाती फक्त पिल्लू येते. करारावर वाढवणाऱ्याच्या घरी पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि रात्रीची जाग त्याची. ३५ ते ४० दिवसांत पाखरू दोन किलोंच्या आसपास गेले की गाडी येते. मोबदला ठरतो तो मुख्यतः एफसीआरवर, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागले यावर, आणि मेलेल्या पाखरांच्या संख्येवर. पिल्लू कच्चे निघाले की खाद्य हलके आले, हे तपासण्याचे साधन वाढवणाऱ्याकडे नसते. गिरणीत पीस-रेटवर काम करणाऱ्याला सूत वाईट मिळाले तर मागावर धागा तुटतो, उत्पादन घटते आणि पगार त्याचा कापला जातो; मुंबईच्या गिरणी कामगारांचे कितीतरी तंटे या एका गोष्टीवरून झाले. शेडमधला माणूस त्याच जागी उभा आहे. फरक एवढाच की त्याला कोणी कामगार म्हणत नाही आणि तोही स्वतःला मालक समजतो.

शुद्धतेच्या नावाने फसवणूक कशी होते याचे ताजे उदाहरण कडकनाथचे. हा झाबुआचा काळा कोंबडा. तुरा, जीभ, पाय, मांस, हाडांवरचे आवरण सगळे काळे. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या एका योजनेतून पक्षी घेणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांचे पैसे अडकल्याच्या तक्रारी राज्यभर गाजल्या. पक्षी द्यायचे, अंडी चढ्या भावाने परत घेऊ असे सांगायचे आणि मग खरेदी थांबवायची, असा तो व्यवहार. पैशाची बाजू न्यायालये पाहतील. पारखीची बाजू अशी की, काळेपणा हा प्रबळ गुण आहे. संकराच्या पिल्लांतही तो पुष्कळसा उतरतो. काळे दिसले म्हणजे शुद्ध, असे होत नाही. ते ठरते पिल्लांच्या दोन पिढ्या पाहून. घाईने पैसे गुंतवणाऱ्याला दोन पिढ्या थांबायला कोण देतो?

आणि ‘गावठी’चे काय? शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे कर्जतच्या शेतघरांवर येतात आणि गावठी कोंबडी, गावठी अंडी मागतात. भाव दुप्पट देतात. टपरीवर जे मिळते ते बहुधा रंगीत संकर-पाखरू असते; बंगळूरचे गिरिराज, हैदराबादचे वनराज किंवा त्यांची भावंडे. ही पाखरे वाईट नाहीत. परसासाठीच ती काढली आणि गरिबाला त्यांचा उपयोगही झाला. पण ती गावठी नव्हेत. गावठी म्हणून जादा घेतलेले पैसे वाडीवरच्या बाईपर्यंत पोहोचत नाहीत. आपला माल खरा हे सिद्ध करायला तिच्याजवळ कागद नाही.

कागद मिळतो कर्नालला. तिथल्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेकडे देशी जातींची नोंद होते. नवापूर भागातली, महाराष्ट्र-गुजरात सीमेवरची बुसरा कोंबडी त्या नोंदीत आहे. त्याच नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ जाहीर झाली, तेव्हा मोठ्या शेडबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. नोंद असो वा नसो, जात अशी एका आठवड्यात संपू शकते. कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-१८४ ही भाताची वाणे आमच्या गावाचे नाव घेऊन कोकणभर लावली गेली. कोंबडीला ते नाव मिळालेले नाही, कारण ती कोणी मोजलीच नाही.

मोजणीला फार काही लागत नाही. नोंदीच्या अर्जात जातीचा पट्टा, संख्या, रंग, तुऱ्याचा प्रकार, पायांचा रंग, नर-मादीचे वजन, पहिले अंडे कितव्या महिन्यात, वर्षाची अंडी, अंड्याचे वजन ही माहिती द्यावी लागते. वजनकाटा, दोरी आणि वही घेऊन वर्षभर वाड्या फिरण्याचे ते काम आहे. कर्जत-खालापूरच्या महाविद्यालयांतली मुले आणि पशुवैद्यकीय दवाखाने मिळून ते करू शकतील. वही कोणीही छापावी. फक्त तिच्यात एक रकाना बाईला विचारून घालावा आणि तो तुऱ्याच्या आधी असावा: या कोंबडीने मागच्या रवणीत किती पिल्ले काढली आणि पावसाळ्यानंतर त्यांतली किती जिवंत होती.